पूल उतरवताना

अब्बांच्या चाळिसाव्याच्या जेवणाच्या देगेचं झाकण अजून निघालं नव्हतं, ओसरीवर जाजमही नीट अंथरलं गेलं नव्हतं, आणि युनूसनं तो विषय काढलाच.

"भाईजान, एक विचारू? अब्बांनं बांधलेला पूल तोडतानी हात थरथरत नाही काय तुमचा?"

गफ्फार नमाजाआधीच्या वजूसाठी बाह्या वर सारत होता. त्यानं धाकट्या भावाकडे पाहिलं नाही. "तोडून नाही राह्यलो. उतरवून राह्यलो."

"फरक काय हाये त्याच्यात?"

"कोणीबी उठते अन् तोडते. उतरवाले तो कसा चढला हे माहीत लागते."

युनूस हसला. त्या हसण्यात मालेगावच्या कापडदुकानाची ऐट होती. तो छिन्नी-हातोडा सोडून गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण बापाच्या कामाचा अभिमान मात्र त्याला गाव सोडल्यावर जास्त आला होता. "अख्ख्या इंझोरीत लोकं काय बोलतात, ऐकलं काय? गुलाम नबी मिस्त्रीचा चाळिसावा व्हायचा हाये, अन् पोरानं बापाची हड्डी उकराले घेतली. अन्वरीले कामरगावात तोंड दाखवाले जागा नाही."

भिंतीशी बसलेली अन्वरी, दोघांची बहीण, लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही, पण म्हणाली, "सासरे विचारत होते खरं."

चुलीपाशी गफ्फारची बायको मेहरुन्निसा सगळं ऐकत होती. नवऱ्याच्या बाजूनं बोलावं असं तिला फार वाटलं. बोलण्यासारखं तिच्याजवळ होतंही. गेल्या पावसाळ्यात अडाण नदीला मोठा पूर आला, तेव्हा पुलाच्या मधल्या खांबाखालची माती वाहून गेली. सासऱ्यांना नीट बसवतही नव्हतं, तरी बैलगाडीत गादी टाकून ते पाहायला गेले. परत आले ते न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी गफ्फारला जवळ बोलावून म्हणाले, "उतरवा त्याले. एखादी बारात वरून चालली अन् पडला, तर काय राहीन माहं? सरकार कोणालेबी धाडीन. तूच उतरव." त्या वेळी मेहरुन्निसा त्यांच्या पायांना तेल चोळत बसली होती. तिसरं कोणी नव्हतं. नंतर सरकारनं पूल धोक्याचा ठरवला, वरच्या अंगाला नवा बांधायचं ठरलं, आणि उतरवायचं काम गफ्फारनं मागून घेतलं. पण आजवर ते बोलणं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर आईला वाटेल, मरता मरता माणूस आपल्याशी न बोलता पोराशी बोलला. म्हणून तो गप्प, आणि म्हणून तीही गप्प.

अमीनाबी मधल्या दारात तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही मुलांकडे पाहिलं. "आज नको. आजच्या रोज पत्थरले हात लावू नका म्हटलं होतं, ते त्यानं ऐकलं. तेवढं बस झालं."

"तुमी म्हटलं म्हणून काम बंद ठेवलं, अम्मी," गफ्फार म्हणाला. "नाही तर आज ठेवायचं नव्हतं. पलीकडच्या कमानी उतरल्या, अलीकडच्या उभ्या हायेत. मधला खांब नुसत्या टेकूवर थांबला हाये. कमानी एकमेकीले रेटून उभ्या राह्यतात. एका बाजूची निघाली, का दुसरी खांबाले मोकळ्या अंगाले ढकलते. त्याच्या जवळ कोणी खोकलंबी तर मले भेव वाटते."

"अब्बांनं बांधलेला खांब खोकल्यानं पडन?" युनूस म्हणाला.

मेहरुन्निसाच्या हातातला चमचा मंदावला. नेमकं हेच गफ्फार काल तिच्याशीही बोलला होता. आणि आज सकाळी...

सकाळी सेवालाल लाकडं घेऊन आला होता. नदीपलीकडच्या तांड्याचा सेवालाल. त्याचा बाप लखमा नाईक आणि गुलाम नबी यांनी मिळून तो पूल उभा केला, असं सगळा मुलूख म्हणायचा. मोठ्या दुष्काळानंतरची गोष्ट. टेकडीचा काळा दगड फोडायचा तो पाथरवटांनी, आणि तो बैलांच्या पाठीवर नदीपर्यंत आणायचा, चुन्याचे खडे भाजायचे, बैलांनी फिरवायच्या घाणीत गूळ अन् बेलफळ घालून चुना मळायचा तो तांड्याच्या बायामाणसांनी. सेवालाल तेव्हा मिसरूड फुटलेला गडी, चुन्याच्या घाणीवर बैल हाकायचा. शेवटच्या कमानीखालचा लाकडी साचा काढायचा दिवस आला तेव्हा बांधकामाचा सरकारी साहेब लांब छत्रीखाली उभा राहिला, आणि गुलाम नबी कमानीच्या बरोबर खाली जाऊन बसले. पडली तर पहिल्यांदा माझ्यावर पडू दे, म्हणाले. त्यांच्या शेजारी लखमा येऊन बसला. आणि लखमाच्या शेजारी सेवालाल. काठावर अमीनाबी उभ्या होत्या, नुकतं लग्न झालेल्या, बुरख्याचा काठ दातात धरून. साचा निघाला. कमान जागची हलली नाही. तेव्हापासून सेवालाल त्यांना माय म्हणायचा.

पुलाच्या कठड्यावर संगमरवरात साहेबाचं नाव लागलं. मिस्त्रीचं नाव लागायची रीत नव्हती. म्हणून गुलाम नबींनी मधल्या खांबाचं जे टोक पाणी फाडतं, त्यातल्या एका दगडावर अनाराचं फूल कोरलं. तळहाताएवढं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेवढं दिसायचं.

सकाळी मेहरुन्निसा परसात तांदूळ धूत होती, तेव्हा आडोशापलीकडून सासूबाईंचा आवाज आला होता.

"सेवा, तो फुलवाला पत्थर मले पाह्यजे. त्यायच्या कबरीच्या सिऱ्हान्याले लावाचा हाये. गफ्फारले म्हटलं तर तो म्हणीन, नंबर लागल्यावर निघन. त्याचा काय नंबर लागते, मले माहीत हाये. तो गिट्टीत जाईन."

"आणतो न माय," सेवालाल म्हणाला होता. "त्यात काय. पहारीनं सैल करतो अन् काढतो. जोहरच्या नमाजच्या आधी घेऊन येतो."

"कोणाले सांगजो नको."

"नाही सांगत."

मेहरुन्निसाचे हात पाण्यात थांबले होते. उठून सांगावं, की तिकडे जाऊ नका, ते म्हणतात खांब टेकूवर आहे. पण सांगायचं म्हणजे आपण चोरून ऐकलं हे कबूल करायचं. चाळीस दिवस सासूबाई तिच्याशी कामापुरत्या बोलत होत्या, जणू पूल उतरवायची कल्पना तिचीच असावी. आज सकाळी पहिल्यांदा त्यांनी तिला "मेहरू, चहा घेतला काय?" असं विचारलं होतं. तेवढं मोडायला तिचं मन झालं नाही. सेवालालला दगडाधोंड्यातलं कळतं, असं मनाशी म्हणून ती पुन्हा तांदूळ धुऊ लागली होती.

आता गफ्फारचं बोलणं ऐकताना तिनं सासूबाईंकडे पाहिलं. अमीनाबींची बोटं तसबीहवर चालत होती. एकाएकी थांबली.

तेवढ्यात जमीन हलली. देगेचं झाकण खणखणलं. मग नदीकडून एक आवाज आला. तो संपेपर्यंत दुसरा आला, आणि त्याच्या पोटातून तिसरा. छपरावरची कबुतरं उडाली.

"सुरुंग?" अन्वरी म्हणाली.

"आज काम बंद हाये," गफ्फार म्हणाला. तो स्वतःला समजावत असल्यासारखा बोलला. "पुलावर कोणी नाही. गेला असन तर खांब गेला. माणूस नाही तिथं. अल्लाचा शुकर, माणूस कोणी नाही."

"सेवालाल," मेहरुन्निसा म्हणाली.

तिला स्वतःलाही तो आवाज आपला वाटला नाही. गफ्फारनं एकदा तिच्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. अनवाणीच पळत सुटला.

*

नदीवर धूळ अजून बसायची होती. उरलेला पूलही आता नव्हता. दोन्ही काठांना दोन तुकडे उरले होते, आणि मधे ज्या जागी इतकी वर्षं कमानी पाहायची डोळ्यांना सवय होती तिथं नुसतं वैशाखातलं पांढरं आभाळ दिसत होतं. मेहरुन्निसाला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच गावच्या नदीवर आलो. खाली दगडांचा ढीग होता, आणि नदीचं गुडघाभर पाणी त्याला वळसा घालून चाललं होतं.

गफ्फार ढिगावर चढून दगड उचलत होता. युनूसही. त्याचा मलमलीचा कुडता फाटला होता, आणि सोडून दिलेलं काम त्याच्या हातांना अजून आठवत होतं. बघता बघता गाव लोटलं. पलीकडून तांड्याची माणसं पाण्यात उतरून आली. सगळ्यात पुढे कमलीबाई होती, सेवालालची बायको. तिनं कुणाला काही विचारलं नाही. ती येऊन एका दगडावर बसली आणि माणसं दगड बाजूला करत होती तिकडे पाहत राहिली.

सेवालाल सापडला तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती. त्याच्या तोंडावर धूळ होती, बाकी काही नव्हतं. झोपलेल्या माणसासारखं तोंड. छातीवरचा दगड उचलायला गफ्फार, युनूस आणि तांड्याचे दोघं लागले. उचलल्यावर कोणी तिकडे पाहिलं नाही. कमलीबाईनं पाहिलं. तिनं स्वतःची ओढणी काढून त्याच्यावर टाकली.

तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या, तेवढाच आवाज झाला. मोठ्यानं रडायला तिला अजून सुचलं नव्हतं. कुणालाच सुचलं नव्हतं. तांड्यातला सोमला, सेवालालचा चुलतभाऊ, हातातला दगड खाली ठेवायचं विसरून तसाच उभा होता.

पहिल्यांदा युनूस बोलला. "म्हटलं होतं न मी? म्हटलं होतं का नाही? बापाच्या पुलाले हात लावू नका. हे तुमी केलं, भाईजान. तुमी मारलं सेवाभाऊले."

गफ्फार सेवालालच्या पायाजवळचे दगड बाजूला करत राहिला.

"बोला न. टेकू कोणी लावले होते? तुमी लावले. मंग पडला कसा?"

गावचे पोलीस पाटील जगदेव तोवर आले होते. त्यांच्यासोबत कामावरचा ओवरसियर होता, टोपी काढून हातात धरलेला, घामानं निथळणारा. जगदेव पाटलांचा बाप त्या कमानीवरून पहिली बैलगाडी घेऊन गेला होता. ढिगाकडे पाहतच ते म्हणाले, "गफ्फार, मले कारंज्याले खबर द्या लागन. ठाण्यातून विचारतीन. आज काम बंद होतं म्हणता, मंग हा माणूस इथं कायले आला होता?"

"मलेबी कळून नाही राह्यलं," गफ्फार म्हणाला. "त्याले माहीत होतं. काल त्यानंच माह्यासंगं टेकू ठोकले. तो इथं येणारच नाही."

मग त्याची नजर खाली गेली. दोन दगडांच्या सापटीत एक पहार अडकली होती. तो वाकला. पहारीच्या टोकाला जुना चुना लागला होता, पांढरा, ताजा खरवडलेला. गफ्फारनं तो बोटानं पुसला. सेवालाल जिथं सापडला ती जागा पाहिली, मग खांबाचं टोक जिथं होतं ती जागा पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मेहरुन्निसाला ओळीनं वाचता आलं. खांबाचं नाक. फुलाचा दगड. तो कोणाला हवा असेल?

त्यानं मान वळवली. काठावर बाभळीखाली अमीनाबी उभ्या होत्या. अन्वरीनं त्यांना धरलं होतं. त्यांचा बुरखा डोक्यावरून घसरला होता आणि सगळ्या गावासमोर त्यांचे पांढरे केस मोकळे होते, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

गफ्फारनं मग बायकोकडे पाहिलं. मेहरुन्निसाची नजर आपोआप खाली गेली. तेवढं त्याला पुरलं.

"पाटील," तो म्हणाला, "मीच धाडलं होतं त्याले."

"आत्ता तर म्हणाले, माहीत नाही."

"भेलो होतो म्हणून म्हटलं. मीच सांगतलं. टेकू पाहून ये म्हटलं, एखादा पत्थर सैल असन तर काढून ठेव. काम मागं पडत होतं. आज बंद ठेवाचं म्हणून मनात राग होता."

"या अल्ला," अन्वरी पुटपुटली.

युनूस भावाकडे पाहत राहिला. इतका वेळ तो आरोप करत होता, पण भावानं तो असा उचलून डोक्यावर घेतला तेव्हा तो एक पाऊल मागे सरला. "भाईजान," एवढंच म्हणाला, निराळ्याच आवाजात.

ओवरसियरनं हळूच विचारलं, "गफ्फार मिस्त्री, समजून बोलताय ना? तुरुंगात जाल."

"समजून बोलून राह्यलो."

दोन पावलं पुढे झालं की हे थांबतं. मेहरुन्निसानं नुसतं म्हणायचं होतं, त्यांनी नाही धाडलं, मी ऐकलंय. पण ते म्हणणं म्हणजे सासूला सगळ्या गावासमोर उभं करणं, आणि गफ्फार ज्यासाठी हे करत होता तेच मोडून टाकणं. आणि तिच्या स्वतःच्या तांदळातल्या हातांचं काय? तीही उठली नव्हती. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात काठावरून आवाज आला.

"खोटं बोलून राह्यला तो."

अमीनाबी उतारावरून खाली येत होत्या. अन्वरीचा हात त्यांनी सोडवला होता. दगडगोट्यांत पाय अडखळत होते, तरी कोणी आधार द्यायला पुढे गेलं नाही. त्या कमलीबाईपासून थोड्या अंतरावर येऊन थांबल्या.

"मी धाडलं सेवाले. सकाळी. त्यायनं फूल काढलेला पत्थर मले पाह्यजे होता, कबरीसाठी. गफ्फारले सांगजो नको म्हटलं. गफ्फारले काही माहीत नव्हतं."

पाटलांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला, पुन्हा सारखा केला. गफ्फार म्हणाला, "अम्मी, तुमी घरी जा."

"तू गप राह्य. आयुष्यभर खोटं बोलला नाही, अन् आज बापाच्या चाळिसाव्याले बोलतो?" मग त्या कमलीबाईकडे वळल्या. "कमली, मले माहीत नव्हतं. खांब असा... मले वाटलं, यायनं बांधलेला हाये. तो कसा पडन?"

कमलीबाईनं पहिल्यांदा मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "तो सांगून गेला होता मले. मायसाठी पत्थर आणाले जातो म्हणे. मी म्हटलं, काल तर तूच सांगत होता, तिथं जाऊ नये म्हणून. तं म्हणे, मायनं पहिल्यांदा काही मांगलं."

सोमलानं हातातला दगड आत्ता खाली ठेवला.

"मंग तू बोलली काहून नाही?" जगदेव पाटलांनी विचारलं. "हा माणूस स्वतःवर घेऊन राह्यला होता."

"पाहून राह्यली होती," कमलीबाई म्हणाली. "म्हटलं, पाहू यायच्या घरातून कोण सांगते ते." बोलताना तिची नजर मेहरुन्निसावर आली आणि थोडा वेळ तिथंच राहिली. मेहरुन्निसाला वाटलं, हिला सकाळचा तांदूळही दिसतोय. "तुह्या सासूनं नसतं सांगतलं, तं मी बोललीच नसती. जाऊ देल्लं असतं गफ्फारले तुरुंगात. अन् जलमभर तुमच्या दारासमोरून जातानी पाह्यलं असतं तुमच्याकडे."

अमीनाबी मटकन खाली बसल्या. ओल्या वाळूत, साऱ्या गावासमोर. युनूस त्यांच्याकडे धावला. गफ्फार मात्र जागचा हलला नाही.

पाटलांनी ओवरसियरला बाजूला नेलं. दोघं काही बोलले. परत येऊन पाटील म्हणाले, माणूस आपल्या मनानं गेला, काम बंद होतं, हुकूम कोणाचा नव्हता, असंच मी कळवीन. पण बाई, तुझी तक्रार असेल तर आत्ताच सांग. कमलीबाईनं नवऱ्याच्या कपाळावरची धूळ त्याच ओढणीच्या टोकानं पुसली. "कोणावर करू?" ती म्हणाली.

*

तांडा पलीकडच्या काठाला. सेवालालला तिकडेच न्यायचं होतं. सोमलानं बाभळीचे दोन दांडे तोडून आणले, कांबळं बांधलं. पाण्यातून जायचं होतं, कारण पलीकडच्या कमानी उतरल्यापासून दुसरा रस्ता राहिला नव्हता.

दांड्याला खांदा द्यायला गफ्फार पुढे झाला. तांड्याची माणसं कमलीबाईकडे पाहू लागली. तिनं कांबळ्याचं टोक सारखं केलं. मग म्हणाली, "येऊ द्या त्याले. तो गेला असता तुरुंगात." युनूस दोन पावलं मागे उभा होता, फाटका कुडता हातानं आवळून. त्याला कोणी बोलावलं नाही, पण कोणी थांबवलंही नाही, आणि पाण्यापाशी एका म्हाताऱ्याचा पाय डगमगला तेव्हा त्यानं तो दांडा आपल्या खांद्यावर घेतला. दोघं भाऊ एका दांड्याखाली आले. सकाळपासून पहिल्यांदाच.

मेहरुन्निसा सासूला उठवायला वाकली. "अम्मी," ती अगदी हळू म्हणाली, "मी ऐकलं होतं सकाळी. मले माहीत होतं खांबाचं. मी काही नाही बोलली."

अमीनाबींनी तिच्याकडे पाहिलं. मेहरुन्निसाला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, शिव्या देतील. त्यांनी नुसता तिचा हात धरला, इतका घट्ट की बांगडी मनगटात रुतली, आणि तिच्या आधारानं उठून त्या पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेल्या.

कमलीबाई प्रेतामागून पाण्यात उतरत होती.

"कमली," अमीनाबींनी हाक मारली. "मी येऊ? तांड्यावर?"

कमलीबाई थांबली. पाणी तिच्या घागऱ्याच्या आरशांवरून वाहत होतं. तिनं मागे वळून पाहिलं, या म्हाताऱ्या बाईकडे, जिच्या ओसरीवर सणासुदीला तिची पोरं शिरखुर्मा खाऊन वाढली होती.

"नको," ती म्हणाली.

मग वळली आणि चालू लागली. पलीकडच्या काठावर तांड्याच्या बाया जमल्या होत्या. त्यांना आता दिसलं असावं, कारण तिकडून रडणं उठलं, एकीचं, मग सगळ्यांचं. अलीकडे मेहरुन्निसा सासूला धरून उभी राहिली. गफ्फार पाण्याच्या मध्यावर पोचला होता. मागे घरी देगेखालचा विस्तव तसाच पेटता राहिला होता, आणि जेवायला आलेली माणसं दारात उभी राहून वाट पाहत होती, कोणीतरी येऊन काय झालं ते सांगेल म्हणून.